हृदयाची वाट मोकळी करणारा फुगा

‘काळजाला हात घालणे’ असा एक वाक्प्रचार मराठीत आहे. एखादे गाणे, एखादा शब्द मनाच्या अगदी आतल्या जागी पोचला, की आपण तो सहज वापरतो. पण खऱ्याखुऱ्या काळजाला, म्हणजे छातीत धडधडणाऱ्या हृदयाला, हात घालायचा म्हटले की भल्याभल्या शस्त्रवैद्यांचे हात शतकानुशतके मागे येत. पोट उघडावे, पाय कापावा, फार काय कवटीला छिद्र पाडावे. पण हृदयाच्या वाटेला जाऊ नये, असाच जुन्या वैद्यकाचा शिरस्ता होता. आज मात्र मनगटातल्या किंवा जांघेतल्या एका धमनीतून बारीक नळी आत सरकवतात, ती हृदयापर्यंत नेतात, तिच्या टोकाचा इवलासा फुगा अरुंद झालेल्या ठिकाणी फुगवतात, आणि रक्ताची वाट मोकळी करतात. रुग्ण जागा असतो. डॉक्टरांशी बोलत असतो. या उपायाला अँजिओप्लास्टी म्हणतात, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. परंतु तो कुठून आला, कोणी आणला, आणि त्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, ही हकीकत फारशी कोणाला ठाऊक नसते. ती आज आपण पाहू.

आधी थोडे हृदयाविषयी. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतेच. ते पुरविण्याचे काम हृदयावर मुकुटासारख्या पसरलेल्या धमन्या करतात. त्यांची जाडी ती किती? सुरुवातीला तीनचार मिलिमीटर, आणि पुढे त्याहूनही कमी. वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, आनुवंशिकता अशा अनेक कारणांनी या धमन्या अरुंद होतात. पुष्कळांना वाटते, की पाटात गाळ साचावा तशी ही चरबी नळीच्या आत साचते. ते तितकेसे बरोबर नाही. घराच्या भिंतीत ओल शिरते आणि गिलाव्याखाली फुगवटा येतो ना, तसा हा प्रकार आहे. चरबीचा थर भिंतीच्या आत वाढतो आणि भिंत आतल्या बाजूला फुगते. चालताना, जिना चढताना स्नायूला रक्त कमी पडले, की छातीत कळ येते. आणि कधी तो फुगवटा अचानक फुटला, त्यावर रक्ताची गुठळी बसली, की धमनी पुरती बंद होते. त्यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. हा भिंतीचा दाखला वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता १९२९ साली जर्मनीत जाऊ. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे या लहान गावातील रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीच्या आतबाहेरचा डॉक्टर उमेदवारी करीत होता. घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयापर्यंत नळी घातल्याचे एक चित्र त्याने वैद्यकाच्या पुस्तकात पाहिले होते. घोड्याला जे चालते ते माणसाला का चालू नये, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. वरिष्ठांनी सक्त मनाई केली. पण मनाई ऐकणाऱ्यांपैकी हा गृहस्थ नव्हता. निर्जंतुक हत्यारांच्या कपाटाची किल्ली एका परिचारिकेकडे असे. तिची त्याने समजूत घातली. ती म्हणाली, प्रयोग करायचाच तर माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर बांधले, तिच्या हातावर तयारी केल्याचे भासविले, आणि तिकडे स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेत लघवीच्या विकारासाठी वापरतात ती लांब नळी सरकवली. मग बाईंना सोडवून, तशीच नळी हातात लोंबत असताना, तो क्ष-किरणाच्या खोलीत गेला. नळी ६५ सेंटिमीटर आत गेली होती. तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचे छायाचित्र त्याने काढून घेतले. हृदय थांबले नाही. फोर्समान मेला नाही. हजारो वर्षांची भीती त्या एका दुपारी खोटी ठरली.

पण बक्षीस काय मिळाले? बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातील प्रमुखांना हा सर्कशीतला खेळ वाटला, आणि त्याला तिथून जावे लागले. पुढे तो मूत्ररोगांकडे वळला. तो नाझी पक्षाचा सभासद झाला होता. युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेला, युद्धकैदी झाला, आणि नंतर एका लहान गावी व्यवसाय करीत राहिला. दरम्यान न्यू यॉर्कमध्ये आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी त्याच नळीचा उपयोग करून हृदयाच्या कप्प्यांतील दाब व रक्तप्रवाह मोजण्याचे शास्त्र उभे केले. १९५६ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले ते या दोघांना आणि विस्मृतीत गेलेल्या फोर्समानला मिळून. सत्तावीस वर्षांनी न्याय झाला खरा, पण तोवर त्याच्या हातून तो विषय कायमचा निसटला होता.

फोर्समानची नळी शिरेतून हृदयाच्या कप्प्यात गेली. पण हृदयाला रक्त पुरविणाऱ्या त्या बारीक धमन्यांत शिरण्याचे धाडस अजून कोणी केले नव्हते. त्यांत क्ष-किरणांत दिसणारे औषध टोचले, तर हृदय तत्काळ बंद पडेल अशी खात्रीच सर्वांना होती. ती खात्री मोडली एका अपघाताने. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे डॉक्टर एका तरुण रुग्णाच्या महाधमनीत औषध सोडीत होते. नळीचे टोक नकळत उजव्या हृद्धमनीत सरकले, आणि भरपूर औषध थेट तिथेच गेले. हृदयाचे ठोके थांबले. सोन्सनी त्या जाग्या रुग्णाला ओरडून खोकायला सांगितले. तो खोकला, आणि ठोके पुन्हा सुरू झाले! दुसरा एखादा माणूस देवाचे आभार मानून घरी गेला असता. सोन्सनी विचार केला, की इतक्या औषधाने माणूस मरत नाही, तर थोड्या औषधाने मुळीच मरणार नाही. या धमन्यांचे चित्र काढण्याची पद्धत, जिला आपण अँजिओग्राफी म्हणतो, ती अशी जन्मली. अडथळा नेमका कुठे आहे हे आता दिसू लागले. त्याच क्लिनिकमध्ये १९६७ साली रेने फाव्हालोरो यांनी पायातील शीर काढून अडथळ्याला वळसा घालण्याची बायपास शस्त्रक्रिया रूढ केली. उपाय मोठा होता. पण त्यासाठी छातीचे हाड कापावे लागे.

हाड न कापता आतूनच वाट मोकळी करता येईल, ही कल्पना प्रथम अमलात आणली चार्ल्स डॉटर यांनी. हे ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे क्ष-किरण विभागाचे प्रमुख होते. जानेवारी १९६४ मध्ये त्यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक आजीबाई आल्या. मांडीतली धमनी अरुंद झाल्यामुळे पायाची बोटे काळी पडत चालली होती. शस्त्रवैद्यांनी पाय कापायला सांगितला. आजीबाईंनी साफ नकार दिला. डॉटरनी अडथळ्यातून आधी एक लवचीक तार नेली, आणि त्या तारेवरून एकाहून एक जाड अशा निमुळत्या नळ्या सरकवून वाट रुंद केली. गार पडलेला पाय ऊबदार झाला, जखम भरली, आणि आजीबाई अखेरपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालत राहिल्या.

वाचकहो, इतके प्रत्यक्ष प्रमाण पुढे असताना अमेरिकेतील वैद्यकीय जगाने काय करावे? त्यांनी डॉटरना विक्षिप्त ठरविले. क्ष-किरणाचा माणूस, त्याने चित्रे काढावी, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, असा तो रोख होता. धंद्याच्या कुंपणाचा अभिमान सगळीकडे सारखाच. अमेरिकेने पाठ फिरवली, पण युरोपात, विशेषतः जर्मनीत, काही डॉक्टरांनी ही पद्धत उचलली. तिथे तिला डॉटरचेच नाव मिळाले. आणि तिथेच ती एका तरुणाच्या कानावर पडली.

त्या तरुणाचे नाव आंद्रेआस ग्रुन्ट्सिग. जन्म १९३९चा, ड्रेस्डेनचा. युद्धात वडील गेले, बालपण ओढगस्तीत गेले. पूर्व जर्मनीतून पश्चिमेस येऊन तो डॉक्टर झाला आणि १९६९ साली स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात रुजू झाला. डॉटरच्या पद्धतीतील उणीव त्याने हेरली. जितकी वाट रुंद करायची तितकीच जाड नळी आत घालायची, तर धमनीला आरंभीच तेवढे मोठे भोक पाडावे लागते. आणि पुढे ढकलत जाणारी नळी भिंत खरवडत जाते. त्यापेक्षा बारीक नळी आत न्यावी आणि योग्य जागी पोचल्यावरच ती फुगावी, असे काही हवे होते.

म्हणजे फुगाच की! पण साधा रबरी फुगा चालेना. सायकलची ट्यूब टायरबाहेर काढून फुगविली तर काय होते? जिथे ती कमजोर असते तिथे ती पोटाळते. जिथे जोर हवा तिथे लागत नाही. तसेच रबरी फुग्याचे होई. कठीण अडथळ्यापाशी तो चेपलेलाच राही आणि दोन्ही बाजूंना मात्र फुगे. म्हणून असा पदार्थ हवा होता, की जो ठराविक मापापर्यंत फुगेल आणि मग टायरसारखा टणक राहील. हाइन्रिख होप्फ या निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापकांनी त्याला पीव्हीसी या प्लॅस्टिकची वाट दाखविली. आणि मग झुरिकमधल्या त्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रात्रीच्या रात्री काम सुरू झाले. सोबतीला पत्नी मिखाएला, रुग्णालयातील साहाय्यक मारिया श्लुम्फ आणि तिचे यजमान. प्लॅस्टिकच्या नळ्या तापवायच्या, फुगवायच्या, चिकटवायच्या, फुटल्या की पुन्हा करायच्या. मोठी प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये हा घरगुती फुगा प्रथम एका रुग्णाच्या पायाच्या धमनीत यशस्वी झाला.

ग्रुन्ट्सिगचे लक्ष मात्र हृदयावर होते. पायाच्या धमनीत काही बिघडले तर वेळ मिळतो. हृदयाच्या धमनीत बिघडले तर मिनिटांचा हिशेब. त्याने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. १९७६ साली अमेरिकेत मायामीच्या हृदयरोग परिषदेत ते मांडले, तेव्हा बहुतेकांनी माना हलविल्या. १९७७च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथे रिचर्ड मायलर यांच्या साहाय्याने, बायपास शस्त्रक्रियेत छाती उघडलेली असतानाच, माणसाच्या हृद्धमनीत फुगा फुगवून पाहिला. अपाय झाला नाही. पायरी पायरीने तो पुढे सरकत होता, हे इथे ध्यानात घ्यावे.

मग उजाडला १६ सप्टेंबर १९७७. झुरिकमध्ये ३८ वर्षांचा एक विमा-विक्रेता दाखल झाला होता. डाव्या बाजूची, हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरविणारी मुख्य धमनी एका ठिकाणी फार अरुंद झाली होती. छाती उघडून घेण्यास तो नाखूष होता. ग्रुन्ट्सिगने त्याला स्पष्ट सांगितले, की आजवर हे कोणावर झालेले नाही. तुम्ही पहिले असाल. तो कबूल झाला. बिघडलेच तर तत्काळ शस्त्रक्रिया करता यावी म्हणून शस्त्रवैद्य ओके सेनिंग यांचे पथक सज्ज होते. नळी जांघेतून गेली, अडथळ्यातून पार झाली. फुगा फुगला, रिकामा झाला, पुन्हा फुगला. हृदयाच्या आलेखात बिघाड नाही, छातीत कळ नाही. अडथळ्यापुढचा रक्ताचा दाब वाढला. इतके सहज झाले, की खोलीतल्या सगळ्यांनाच आश्चर्य वाटले. पुढे दहा वर्षांनी, आणि मग तेवीस वर्षांनीही, त्या गृहस्थांच्या धमनीचे चित्र काढले. ती जागा तेव्हाही मोकळीच होती.

इथपर्यंतची गोष्ट धाडसाची झाली. पण नुसते धाडस म्हणजे शास्त्र नव्हे. ग्रुन्ट्सिगचा मोठेपणा माझ्या मते त्या दिवसात नाही, त्यानंतरच्या दोन वर्षांत आहे. १९७९ साली त्याने आपल्या पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब छापला. त्यात त्याने काय लिहिले? ५० पैकी ३२ जणांत यश आले. पाच जणांना तातडीने बायपास करावी लागली. म्हणजे तिघांमागे एकाहून अधिक वेळा हात रिकामे आले, हे त्याने स्वतःच जगासमोर मांडले. यशाच्या चार हकीकती सांगून टाळ्या मिळविणे त्याला कठीण नव्हते. पण त्याने अपयश मोजले. १९७८पासून त्याने आणखी एक नवी रीत पाडली. जगभरच्या डॉक्टरांना झुरिकला बोलावून, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, प्रत्यक्ष चाललेली क्रिया दाखवावयाची. जमले तर सर्वांदेखत जमेल, फसले तर सर्वांदेखत फसेल. अमेरिकेतही १९७९पासून अशा रुग्णांची सामायिक नोंदवही ठेवली जाऊ लागली. फोर्समानच्या साहसाला जे लाभले नाही, ते या उपायाला लाभले: उघडा हिशेब.

१९८० साली ग्रुन्ट्सिग अमेरिकेत अटलांटा येथे गेला. त्याला विमान चालविण्याचा भारी नाद होता. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी स्वतःचे विमान चालवीत असता तो अपघातात सापडला. त्यात तो आणि त्याची दुसरी पत्नी दोघेही गेले. तो अवघा ४६ वर्षांचा होता. योगायोग असा, की डॉटर आणि सोन्स हे दोघेही त्याच वर्षी निवर्तले होते. या वाटेचे तीन वाटाडे एकाच वर्षी गेले.

वाट मात्र पुढे चालू राहिली, कारण तिच्यातले खड्डे आता सर्वांना माहीत झाले होते. मघाचा भिंतीचा दाखला आठवा. आरंभी वाटे, की फुगा चरबीला बर्फासारखे दाबून बसवतो. पुढे कळले, की तो त्या फुगवट्याला तडे पाडतो आणि भिंत ताणतो. तडे गेलेली भिंत कधी लगेच आत ढासळते आणि धमनी बंद होते. आणि ढासळली नाही तरी सुमारे एकतृतीयांश रुग्णांत जखम भरताना ती जागा सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होते. ढासळणाऱ्या गिलाव्याला गवंडी काय करतो? खाली जाळी ठोकतो. नेमके हेच झाले. ग्रुन्ट्सिगचे व्याख्यान ऐकलेले हुलिओ पाल्माझ हे अर्जेंटिनाचे डॉक्टर अमेरिकेत फुग्यावर बसणारी जाळी बनवीत होते, आणि गिलाव्यासाठी वापरतात त्या धातूच्या जाळीचा तुकडा हाती पडल्यावर त्यांना तिचा आकार सुचला. माणसाच्या हृद्धमनीत पहिली जाळी, म्हणजे स्टेंट, बसविली ती मात्र १९८६ साली, वेगळ्या बनावटीची, फ्रान्समधील तुलूझ येथे झाक प्युएल यांनी, आणि पाठोपाठ लोझान येथे उलरिख सिग्वार्ट यांनी.

जाळीने भिंत सावरली, तरी तिच्या फटींतून पेशींची वाढ होऊन वाट पुन्हा बुजे. त्यावर तोडगा सापडला तो दूरच्या ईस्टर बेटावरील मातीत. १९६४ साली गोळा केलेल्या त्या मातीतील एका जंतूपासून रॅपामायसिन हे द्रव्य निघाले. ते वेगळे करणारे शास्त्रज्ञ होते सुरेन्द्रनाथ सेहगल, आपल्याच देशातून कॅनडात गेलेले. कंपनीने संशोधन गुंडाळले तेव्हा त्यांनी तो जंतू घरच्या शीतपेटीत जपून ठेवला. पुढे हेच द्रव्य जाळीवर लेपून १९९९ साली ब्राझीलमध्ये एदुआर्दो सोझा यांनी ती माणसात बसविली, आणि वाट पुन्हा बुजण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. पुन्हा एक स्वयंपाकघर, नाही का? एका घरच्या टेबलावर फुगा झाला, दुसऱ्या घरच्या शीतपेटीत औषध तगले.

आता या इतिहासातून तुमच्या-आमच्यासाठी काय निघते ते सांगून संपवतो. झटका आला असेल, धमनी पुरती बंद झाली असेल, तर फुगा जीव वाचवतो. तिथे घड्याळ महत्त्वाचे. ही सोय असलेल्या रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून ९० मिनिटांच्या आत वाट मोकळी व्हावी, असा दंडक आहे. असे रुग्णालय दूर असेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन आधी द्यावे लागते. म्हणून छातीत दडपण आले, घाम फुटला, कळ हातात वा जबड्यात गेली, तर ‘वात धरला असेल’ म्हणून शेक घेत बसू नये.

पण झटका नाही, चालताना ठराविक कळ येते, औषधाने थांबते, अशा वेळी? इथेही कोणीतरी हिशेब मोजला. २००७ साली, आणि पुन्हा २०२० साली, मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या चाचणीत भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते. अशा स्थिर दुखण्यात फुगा व जाळी किंवा बायपास यांनी कळ कमी होते, पण उत्तम औषधोपचारांच्या तुलनेत आयुष्य वाढत नाही, असे दिसून आले. तेव्हा ‘आजच जाळी घाला, नाहीतर खैर नाही’ असे कोणी स्थिर रुग्णाला म्हणाले, तर घाबरून सही करू नये. दुसरे मत घ्यावे, प्रश्न विचारावेत. मुख्य धमनीच्या मुखाशीच अडथळा असेल वा हृदय दुबळे झाले असेल, तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टर समजावून सांगतील. पैशाचेही तसेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध-किंमत प्राधिकरणाने जाळीच्या किमतीला मर्यादा घातली. औषधी जाळी २९,६०० रुपये आणि साधी ७,२६० रुपये, असे ते पहिले दर होते. त्यापूर्वी औषधी जाळीसाठी लाखाहून अधिक मोजलेली कुटुंबे महाराष्ट्रात थोडी नाहीत.

झुरिकच्या त्या डॉक्टरने आपल्या पहिल्या रुग्णाला स्पष्ट सांगितले होते, की हे नवे आहे, यात धोका आहे. रुग्णाने ऐकले, विचार केला, मग होकार दिला. फुगा बदलला, जाळी बदलली, किमती बदलल्या. तेवढा तो संवाद मात्र बदलता कामा नये. काळजाला हात घालू देण्याआधी, तो का घालायचा आहे हे विचारण्याचा हक्क ज्याचे काळीज आहे त्याचा आहे.